लाफिंग बुद्धा: पोट, पोतडी आणि पटाशी

मोबाइल रिचार्जच्या दुकानात गल्ल्याशेजारी, दातांच्या दवाखान्यात, टॅक्सीच्या डॅशबोर्डवर, वास्तुशांतीला आलेल्या भेटवस्तूंच्या ढिगात. उघड्या पोटाचा, तुळतुळीत टकलाचा हा हसरा गृहस्थ मराठी घरांत असा काही रुळला आहे, की तो बाहेरून आलाय हेच आता कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याबद्दलचे नियम मात्र सगळ्यांना पाठ असतात. स्वतःच्या पैशाने घ्यायचा नाही, कुणीतरी दिलेलाच फळतो. तोंड दाराकडे हवं. येता-जाता पोटावरून हात फिरवायचा. दिवाळी तोंडावर आली की या नियमांचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "पण बुद्ध एवढा लठ्ठ होता का हो?"

नव्हता. ही मूर्ती गौतम बुद्धाची नाहीच. ती आहे हजारेक वर्षांपूर्वीच्या एका चिनी भिक्खूची, आणि त्याच्या गाठीला दमडीसुद्धा नव्हती. अशा माणसाकडे आपण पैसा मागू लागलो तो कसा, हे समजून घ्यायचं तर दोन गोष्टी बघाव्या लागतात: त्याच्याबद्दलच्या लोककथा, आणि त्याला दगडात, लाकडात, हस्तिदंतात कोरणाऱ्या कारागिरांचे हात.

पोतडीवाला भिक्खू

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर झेजियांग प्रांत आहे. तिथल्या निंगबो शहराजवळ फंगह्वा नावाचं ठिकाण आहे. नववं शतक संपून दहावं लागत होतं. तांग राजवट कोसळून देशाचे तुकडे पडले होते. त्या धामधुमीत फंगह्वाच्या परिसरात एक भिक्खू हिंडत असे. दीक्षेचं नाव छीत्स, पण लोक त्याला 'बूदाय' म्हणत, म्हणजे कापडी पोतडी. काठीला पोतडी अडकवून ती खांद्यावर टाकायची आणि चालू लागायचं, हा त्याचा संसार.

त्सान्निंग नावाच्या विद्वान भिक्खूने 988 साली नामवंत भिक्खूंच्या चरित्रांचा एक मोठा ग्रंथ पुरा केला. त्यात बूदायची छोटीशी नोंद आहे आणि त्यातला माणूस आजच्या मूर्तीशी बराच जुळतो. लठ्ठ, कपाळाला आठ्या, सुटलेलं पोट, बोलण्याचा काही भरवसा नाही, जागा मिळेल तिथे ताणून देणारा. बाजारात शिरला की दिसेल ते मागायचा, अगदी मासेसुद्धा, जे चिनी भिक्खूंना वर्ज्य. त्यातला एक घास तोंडात टाकायचा आणि उरलेलं पोतडीत. बर्फात झोपला तरी म्हणे अंगावर बर्फ साचत नसे.

याच नोंदीत नशिबाचा पहिला धागा सापडतो. बूदाय ओले गवती जोडे घालून लगबगीने निघाला, की लोक समजत, पाऊस येणार. उंच लाकडी खडावा घालून बाजारातल्या पुलावर गुडघे वर करून पडला, की कोरड पडणार. पुढचं बरं-वाईट त्याच्या वागण्यावरून ताडता येतं, अशी लोकांची खात्री झाली होती. लक्षात घ्या, अजून पैशाचा कुठे संबंध नाही. पाऊस केव्हा पडेल याचा अंदाज देणारा माणूस शेतकऱ्याला आणि कोळ्याला शुभ वाटणारच.

आपल्याकडे अशा माणसाला 'अवलिया' म्हणतात. 1878 साली शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते टाकलेल्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, ही कथा बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. खाण्यापिण्याचा विधिनिषेध नाही, बोलणं अर्धं कळतं अर्धं नाही, आणि लोकांना हळूहळू उमगत जातं की हे प्रकरण साधं नाही. बूदायची कथा त्याच जातकुळीतली आहे, म्हणूनच ती आपल्याला परकी वाटत नाही.

त्याच्या गोष्टींपैकी मला सगळ्यात आवडते ती नाण्याची. रस्त्याने एक भिक्खू पुढे चालला होता. बूदायने मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. भिक्खू वळला. बूदाय म्हणाला, "एक पैसा दे." भिक्खू म्हणाला, "काही नेमकं बोललास तर देतो." बूदायने पोतडी खाली ठेवली आणि हात जुळवून नुसता उभा राहिला. झेन पंथातल्या, म्हणजे शब्दांपेक्षा ध्यानावर आणि थेट अनुभवावर भर देणाऱ्या बौद्ध पंथातल्या, गुरू-शिष्यांच्या गोष्टी अशाच असतात. त्यांचा अर्थ सांगायला गेलं की हातातून निसटतो. पण आपल्या कामाचं एवढंच: ज्याच्यापुढे आज आपण धन दे म्हणून उदबत्ती लावतो, तो स्वतः रस्त्यात एक पैसा मागत होता.

मग 'बुद्ध' हे नाव लागलं कसं?

916च्या सुमारास फंगह्वाच्या युएलिन मठात एका शिळेवर बसून बूदायने देह ठेवला. जाण्याआधी त्याने चार ओळी म्हटल्याचं सांगतात. त्यांचा आशय असा: मैत्रेय, खरा मैत्रेय, कोट्यवधी रूपं घेतो, वेळोवेळी लोकांना दिसतो, पण त्या त्या वेळचे लोक त्याला ओळखत नाहीत.

मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध. बौद्ध परंपरेत गौतम हा एकमेव बुद्ध नाही. त्याच्याआधी काही होऊन गेले आणि त्याच्यानंतर मैत्रेय यायचा आहे. तोवर तो बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असलेला. या चार ओळी ऐकल्यावर लोकांनी मागे वळून पाहिलं आणि म्हटलं, अरे, तो पोतडीवाला म्हणजेच मैत्रेय होता! मग त्याची चित्रं निघू लागली, पुढे मूर्ती आल्या. हांगचौ शहरातल्या लिंगयिन मठासमोरच्या फेलाय फंग टेकडीच्या कातळात पोट सैल सोडून, पोतडीला टेकून हसणारा बूदाय कोरलेला आहे. तो सोंग राजवटीच्या, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकाच्या काळातला मानला जातो. या रूपाच्या फार जुन्या मोठ्या मूर्तींपैकी ही एक.

मैत्रेयाचं मूळ रूप बघायचं असेल तर चीनला जायची गरज नाही. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्याच्या दारावर एका ओळीत आठ आकृती रंगवलेल्या आहेत: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. हा मैत्रेय सडपातळ आहे, डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, एखाद्या राजपुत्रासारखा. चीनमध्येही पाचव्या-सहाव्या शतकातले मैत्रेय असेच शिडशिडीत आणि मुकुटधारी आहेत. म्हणजे एका स्थानिक भिक्खूच्या कथेने बोधिसत्त्वाचं रूपच पालटून टाकलं. राजपुत्र गेला आणि त्याच्या जागी ढेरपोट्या फिरस्ता येऊन बसला, तोही मठाच्या पहिल्याच दालनात. चिनी मठात शिरताना आजही समोर हाच असतो, दाराकडे तोंड करून.

म्हणजे त्याला बुद्ध म्हणणं चूक की बरोबर?

गौतम बुद्ध म्हणून म्हणत असाल तर साफ चूक. मैत्रेयाचं एक रूप म्हणून म्हणत असाल तर चिनी परंपरेला ते मान्य आहे. 'लाफिंग बुद्धा' या इंग्रजी नावाने हा फरक पुसून टाकला, कारण आपल्या कानाला 'बुद्धा' म्हणजे एकच, शाक्यमुनी.

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसत्या माहितीचा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्याबरोबर लाखोंनी. ज्यांच्या घरात बुद्ध हा विवेकाचा आणि समतेचा मार्ग दाखवणारा शास्ता आहे, त्यांना गल्ल्याजवळचा सोन्याच्या विटांवर बसलेला 'बुद्ध' खटकतो, आणि ते खटकणं मला पूर्णपणे रास्त वाटतं. निदान एवढं तरी करता येईल: त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. बूदाय म्हणा, किंवा जपानी लोक म्हणतात तसं होतेई.

पोट आणि पैसा

ढेरपोट्या माणसाला शुभ मानण्याची कल्पना मात्र चिनी लोकांची मक्तेदारी नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे एक दगडी यक्ष सापडला, आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून डोक्यावर भांडं धरलेला आणि दात दिसतील असा हसणारा! इसवीसनापूर्वीच्या शतकांतलं हे काम. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलंय, की हा कान्हदास नावाच्या सोनाराने केला. यक्ष म्हणजे धनाचे, धान्याचे, जमिनीतल्या ठेव्यांचे राखणदार. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतही जंभाल नावाचा थुलथुलीत धनदेव हातात पैशांची थैली घेऊन बसलेला आहे.

कुणी म्हणेल, म्हणजे लाफिंग बुद्धा मूळचा महाराष्ट्राचाच! थांबा. पितळखोऱ्याचा यक्ष आणि फंगह्वाचा भिक्खू यांच्यात हजार वर्षांचं अंतर आहे आणि एकातून दुसरा निघाला असा धागा कुणी दाखवलेला नाही. ज्या काळात बहुतेकांना पोटभर मिळत नसे, त्या काळात सुटलेलं पोट हीच श्रीमंतीची खूण होती, मग देश कुठलाही असो.

शिवाय बूदायच्या पोटाचा चिनी मठातला अर्थ पैशाचा नाहीच. मठाच्या दारात त्याच्या दोन बाजूंना लिहिलेल्या ओळी असतात: पोट मोठं, म्हणून जगात जे सामावून घेणं अवघड ते त्यात सामावतं, तोंड सदा हसरं, कारण जगात हसण्याजोगी माणसं आहेत. म्हणजे पोट सहनशक्तीचं. अपमान, टोमणे, बायकोची बोलणी (हे माझं, ओळींतलं नाही) सगळं पोटात घालायचं.

पैसा आला तो जपानमधून, निदान अर्धा

झेन पंथाबरोबर बूदाय जपानमध्ये गेला आणि होतेई झाला. तिथल्या झेन चित्रकारांनी त्याला शाईच्या चार फटकाऱ्यांत मनसोक्त रंगवलं. 1663 साली फान ताओशंग या चिनी शिल्पकाराने क्योतोजवळच्या मानपुकुजी मठासाठी लाकडात होतेई कोरला. सोन्याचा मुलामा दिलेला तो विशाल होतेई आजही पहिल्या दालनात, दाराकडे बघत बसला आहे. इथवर तो मठातलाच होता.

पण त्याच्या आधीपासूनच, साधारण पंधराव्या शतकापासून, जपानी व्यापारी शहरांत सात भाग्यदेवतांचा एक मेळा लोकप्रिय होत होता. त्या सातांत तीन आपल्या ओळखीचे आहेत. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण ऊर्फ कुबेर, आणि दायकोकुतेन म्हणजे चक्क महाकाल, जो जपानला पोहोचेपर्यंत भाताच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा आजोबा झाला. होतेई या मेळ्यात बसला. इतर सगळे देव, हा एकटाच हाडामांसाचा माणूस असल्याचं मानलं जातं. खजिन्याच्या होडीत बसलेल्या या सातांचं चित्र नवीन वर्षाच्या दुसऱ्या रात्री उशीखाली ठेवायचं, म्हणजे पहिलं स्वप्न शुभ पडतं, अशी रीत होती.

पोतडीचा अर्थ इथे उलटला. भिक्षेतलं उरलंसुरलं ठेवायची पोतडी आता न संपणाऱ्या खजिन्याची झाली. चीनमध्येही व्यापारी मंडळींनी हेच केलं. मूर्तीच्या हातात होडीच्या आकाराची सोन्याची चिनी लगड आली, पायाशी नाण्यांची रास आली.

खिसा नसलेल्या कपड्यांमुळे

घरात ठेवायच्या मूर्ती बहुतेक आकाराने लहान असतात. इतक्या बारीक आकारात होतेईला कोरण्याचं कसब ज्या वस्तूवर पोसलं, ती वस्तू फार मजेशीर आहे. किमोनोला खिसा नसतो. मग तंबाखूची चंची किंवा औषधाची डबी ठेवायची कुठे? एडो काळात, म्हणजे 1603 ते 1868 दरम्यान, जपानी पुरुष ती दोरीला बांधून कमरपट्ट्याखालून लोंबती ठेवत. दोरी वरून निसटू नये म्हणून तिच्या दुसऱ्या टोकाला एक अडसर लागे, तो पट्ट्याच्या वर येई. हा अडसर म्हणजे नेत्सुके. तीन ते पाच सेंटिमीटरचा, लाकडाचा किंवा हस्तिदंताचा, मागून किंवा खालून दोरीसाठी दोन भोकं.

आता या कामाला कुठला आकार चालेल? टोकं नकोत, नाहीतर रेशमी कापड अडकून फाटणार. हात-पाय बाहेर आलेले नकोत, नाहीतर मोडणार. मुठीत गच्च बसेल, सगळीकडून गोल असेल असं काहीतरी हवं. होतेई जणू यासाठीच जन्मला होता. गोल डोकं, त्याहून गोल पोट, पाठीला गोल पोतडी. नेत्सुके कोरणाऱ्यांनी त्याला बसलेला, आडवा पडलेला, पोतडीतून नुसतं डोकं बाहेर काढलेला, मुलांनी घेरलेला, अशा असंख्य तऱ्हांनी कोरला. पुढे मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, आणि नेत्सुकेची गरज संपली. ते परदेशी संग्राहकांच्या कपाटांत गेले.

लाकडात हसू कोरायचं कसं

बूदायच्याच झेजियांग प्रांतात लाकडी कोरीवकामाच्या दोन मोठ्या परंपरा आहेत, तोंगयांगची आणि युएछिंगची. दोन्ही 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आल्या. युएछिंगच्या कारागिरांचं लाकूड म्हणजे बॉक्सवूड. हे झुडूपवजा झाड फार सावकाश वाढतं, खोड मनगट-दंडापलीकडे क्वचितच जातं, म्हणून मूर्ती लहानच होतात. पण लाकूड घट्ट आणि एकसारखं असतं, डोळ्यांना छिद्रं दिसत नाहीत. सावंतवाडीच्या खेळण्यांचं पारंपरिक लाकूड पांगाऱ्याचं: हलकं, मऊ, रंग छान धरणारं. त्यावर भुवईचा केस कोरायला गेलात तर कड विस्कटेल. बॉक्सवूडवर तो केस कोरता येतो आणि टिकतो. रंग द्यायचा नसतो. ताजं लाकूड फिकट पिवळं असतं, वर्षानुवर्षं हाताळून ते मधासारखं गडद होत जातं.

आधी मातीचा नमुना करतात. मग सावलीत सावकाश वाळवलेला, तडा न गेलेला ठोकळा निवडायचा. लाकडाचे तंतू उभे ठेवायचे, कारण तंतूंना आडवा गेलेला पातळ भाग, उदाहरणार्थ बाहेर काढलेलं बोट, जरा धक्का लागला की तुटतो. पहिली फेरी रुंद पटाशी आणि लाकडी हातोड्याची: सपाट पाट्या पाडत डोकं, पोट, मांड्या आणि पोतडी एवढेच ढोबळ गोळे वेगळे करायचे. इथे सगळ्यात पुढे येणारा बिंदू आधी राखून ठेवावा लागतो, आणि बूदायच्या बाबतीत तो नाक नसून पोट असतं. एकदा तिथलं लाकूड उडवलं की परत चिकटवता येत नाही; मग सगळा माणूसच बारीक करावा लागतो, आणि बारीक बूदायला कोण विचारतो?

दुसऱ्या फेरीत गोल पटाश्या येतात. नवशिक्याचं पोट ओळखू येतं, कारण तो चेंडू कोरतो. खरी चरबी चेंडूसारखी ताणलेली नसते, ती ओघळते. म्हणून पोटाचा वरचा उतार लांब, खालचा फुगवटा रुंद आणि मांडीवर टेकून किंचित चपटा झालेला, आणि बेंबी मध्यावर नव्हे, थोडी खाली. छातीखाली एक घडी, बेंबीखाली दुसरी.

हसण्याचं तर याहून अवघड. तोंड उघडं कोरलं म्हणजे हसू येतं असं नाही, जांभईही येऊ शकते. हसताना गाल वर सरकतात आणि खालच्या पापण्यांना वर ढकलतात. डोळ्याची खालची कड सरळ न राहता कमानीसारखी होते. ही कमान साधली की ओठ झाकून बघा, चेहरा तरीही हसतो. मग ओठांचे कोपरे खोल घ्यायचे, तिथे सावली पडली पाहिजे. लांब पाळीचे कान ही बुद्धमूर्तीची जुनी खूण, ती इथेही ठेवतात.

शेवटी बारीक पात्यांनी सगळं अंग खरवडून पटाशीच्या खुणा काढायच्या, पॉलिश पेपर मारायचा, भुवया आणि वस्त्राच्या काठांच्या रेषा ओढायच्या, मेण लावून कापडाने घासायचं. पॉलिश पेपर नव्हता तेव्हा जपानी कारागीर एका नेच्यासारख्या वनस्पतीची वाळवलेली दांडी वापरत. तिच्या सालीत वाळूसारखा खरखरीत अंश असतो.

दुकानातला मात्र कोरलेला नसतो

आपल्याकडे भेट मिळतो तो बहुधा पॉलिरेझिनचा, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेल्या रेझिनचा, साच्यात ओतलेला. उलटा करून बघा: कानामागून खांद्यावरून खाली जाणारी एक पुसटशी रेघ सापडेल. ती साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची. काखेत किंवा हनुवटीखाली बारीक बुडबुड्यांची भोकंही दिसतील.

साच्याने मूर्तीची ठेवणही बदलली. दोन्ही हात डोक्यावर उंच करून सोन्याची लगड उचललेला उभा बूदाय घ्या. लाकडात हे करायचं तर मोठा ठोकळा वाया घालवावा लागतो किंवा हात वेगळे कोरून जोडावे लागतात, म्हणून कोरणारा हात अंगालगत ठेवणंच पसंत करतो. रेझिनला ती अडचणच नाही. कोरीव बूदाय पोटात हसतो, साच्यातला बहुतेक वेळा दुकानदाराकडे बघून हसतो, असं माझं मत आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघावेत.

आता नियमांचं काय?

*भेटच मिळायला हवा.* जुन्या नोंदींत आणि कथांत याचा मागमूस नाही. व्यापाराच्या नजरेने पाहिलं तर नियम मोठा हुशार आहे. स्वतःसाठी घेता येत नाही म्हणून तुम्ही मला देता, मग परतफेड म्हणून मी तुम्हाला देतो. विक्री दोन.

*तोंड दाराकडे.* याला मात्र खरं मूळ आहे. मठाच्या पहिल्या दालनात तो दाराकडेच बघतो. पण तिथे तो आत येणाऱ्याचं स्वागत करायला बसलेला असतो, लक्ष्मी अडवायला नाही.

*पोटावर हात.* ही लोकांची हौस, आणि अशा हौशी जगभर असतात. बॉक्सवूडचा असेल तर खुशाल फिरवा, हाताच्या तेलाने त्याला झळाळी येईल. रेझिनचा सोनेरी रंग मात्र पोटावरूनच आधी उडतो.

*अंगाखांद्यावर मुलं असलेला घेतला की घरात मूल होतं.* मुलांनी वेढलेल्या बूदायकडे चिनी घरांत पुत्रप्राप्तीची इच्छा म्हणून बघतात हे खरं. पण मठातली मंडळी त्याच सहा पोरांना 'सहा चोर' म्हणतात: डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन. हे सहा जण अंगाला झोंबतात, कान ओढतात, बेंबीत बोट घालतात, आणि तो नुसता हसत बसतो. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात हारिती आणि पांचिक या यक्ष जोडप्याच्या आसनाखालीही अशीच पोरांची गर्दी आहे, छडी उगारलेल्या मास्तरांसकट. पण ती मुलं हारितीच्या कथेतली. बूदायशी त्यांचा संबंध नाही.

*फेंगशुईत तर सांगितलंय!* फेंगशुई ही मुळात जागेची विद्या. वारा, पाणी, डोंगराचा उतार बघून थडगं कुठे बांधावं, घर कुठे असावं हे ठरवणारी. तिचा एक जुना ग्रंथ, चौथ्या शतकातल्या क्वो फूच्या नावावर चालणारा, दफनाबद्दलच आहे. कोपऱ्यात ठेवायचे बेडूक, कासवं, घंटा आणि बूदाय यांचं दुकान हा तिचा अलीकडचा, निर्यातीचा अवतार. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकानंतर फोफावला, आणि वास्तुशास्त्राच्या सल्लागारांनी त्याला आपल्या यादीत घेतलं.

*पण आमच्याकडे आणला आणि धंदा वाढला, त्याचं काय?* वाढला असेल. ज्यांच्याकडे आणला आणि वाढला नाही, ते हा किस्सा सांगायला येत नाहीत. बूदायची मूर्ती पैसा आणते याला कसलाही पुरावा नाही, आणि कुणी महागडा 'सिद्ध केलेला' लाफिंग बुद्धा विकत असेल तर सरळ नाही म्हणावं. मात्र टेबलावर एक हसरा चेहरा असावा एवढ्यासाठी ठेवला, तर त्याला अंधश्रद्धा म्हणायची मला काही गरज वाटत नाही.

घ्यायचाच असेल तर

लाकडी म्हणून विकलेला रेझिनचा निघणं सर्रास होतं. बुडाशी बघा. खऱ्या लाकडात रेषा बुडातून सुरू होऊन अंगावरून वर जाताना दिसतात आणि पोटाच्या गोलाईवर वळतात. छापलेल्या रेषा वळत नाहीत किंवा सांध्यापाशी तुटतात. एकाच दुकानातल्या दोन मूर्ती शेजारी ठेवा: दोघांच्या भुवयांचे केस अगदी तसेच असतील तर ते एकाच साच्याचे. लाकडी मूर्तीला उन्हात आणि एसीच्या झोतात ठेवू नका, तडा जातो. वर्षा-दोन वर्षांनी थोडं मेण पुरे, तेल नको, धूळ धरतं.

आणि कुणी 'आजोबांच्या काळातला हस्तिदंती होतेई' स्वस्तात देऊ करत असेल तर हात लावू नका. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बेकायदा आहे, मग हत्ती भारतातला असो की आफ्रिकेतला. चीननेही 2017 अखेर आपल्याकडचा हस्तिदंताचा व्यापार बंद केला. बाजारात 'हस्तिदंती' म्हणून फिरणारं बरंचसं हाडाचं किंवा रेझिनचंच असतं. हाडावर बारीक काळपट ठिपके नि रेघोट्या दिसतात, हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. पण ती जाळी ओळखता आली म्हणून विकत घेण्याचं धाडस करू नका; तुरुंगवासाची तरतूद आहे.

बॉक्सवूडचा कोरीव बूदाय आपल्याकडे सहज मिळत नाही. चीन किंवा जपानला जाणाऱ्या कुणाला सांगणार असाल तर लहानसा, बसलेला, हात अंगालगत असलेला मागवा. सामानात मोडत नाही.